एक चांगलं पान सापडलं. आता पुढचं कसं शोधू?

नमस्कार. मी कोल्हापुरात एका छोट्या कंपनीत दोन वर्षांपासून वेबसाइट बनवण्याचं काम करते. बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स झालंय. मध्यंतरी एका क्लायंटची साइट नव्या सर्व्हरवर हलवली. काही लोकांना नवी साइट दिसत होती, काहींना जुनीच. साइटच्या नावावरून तिच्या सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा म्हणजे डीएनएस. तिच्याबद्दल नेटवर जिथे बघावं तिथे एकच उत्तर: “डीएनएस प्रोपॅगेट व्हायला (म्हणजे बदल पसरायला) 24 ते 48 तास लागतात, थांबा.” का लागतात, हे कुणीच सांगत नव्हतं. शोधता शोधता ज्युलिया एव्हान्स यांच्या स्वतःच्या साइटवरचं एक पान सापडलं. त्यात लिहिलं होतं की पसरत वगैरे काही नसतं, ठिकठिकाणी साठवलेल्या जुन्या उत्तरांची मुदत संपत असते, इतकंच. वाचून लख्ख उजेड पडला. जाहिरात नाही, “आमचा कोर्स घ्या” नाही. अशा साइट आणखी असतीलच ना? मग त्या सर्चमध्ये का येत नाहीत? कशा शोधायच्या, आणि सापडल्या तर कुणावर विश्वास ठेवायचा? माझं इंग्रजी वाचन सावकाश आहे. आमचे टीम लीड म्हणतात, यात वेळ घालवण्यापेक्षा एखादं सर्टिफिकेट कर.

एक वाचक, कोल्हापूर

नमस्कार,

तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. पुढचा रस्ता तुम्हाला सापडलेल्या त्या पानातच आहे, म्हणून आधी त्या पानाबद्दलच बोलू.

डोमेनची नोंद तुम्ही बदलता तेव्हा तुमच्या नेमसर्व्हरवर, म्हणजे डोमेनच्या नोंदी सांभाळणाऱ्या सर्व्हरवर, ती लगेच बदलते. पण लोकांचे फोन आणि लॅपटॉप थेट त्या नेमसर्व्हरला विचारायला जात नाहीत. ते आपल्या इंटरनेट कंपनीच्या किंवा गुगलच्या 8.8.8.8 सारख्या रिझॉल्व्हरला, म्हणजे आपल्या वतीने पत्ता शोधून आणणाऱ्या सर्व्हरला, विचारतात, आणि रिझॉल्व्हरने मिळालेलं उत्तर स्वतःजवळ ठेवून दिलेलं असतं. किती वेळ ठेवायचं, ते नोंदीसोबतच्या टीटीएल नावाच्या आकड्यावरून ठरतं. तो 86400 सेकंद असेल तर दिवसभर जुनं उत्तर मिळत राहणार. ज्या रिझॉल्व्हरने सकाळी विचारलं होतं त्याची मुदत आधी संपते, ज्याने रात्री विचारलं त्याची नंतर. म्हणून काहींना नवी साइट, काहींना जुनी. 48 तासांचा आकडाही हवेतून आलेला नाही. ‘डॉट कॉम’च्या सर्व्हरवर तुमच्या डोमेनचे नेमसर्व्हर कोणते याची जी नोंद असते, तिचा टीटीएल 172800 सेकंद असतो, म्हणजे बरोबर दोन दिवस. पुढच्या वेळी साइट हलवायच्या एक-दोन दिवस आधी तुमच्या नोंदीचा टीटीएल 300 सेकंदांवर आणून ठेवा. बहुतेकांना पाच-दहा मिनिटांत नवी साइट दिसेल.

हे सगळं सांगायला पानभर जागा लागते आणि ते स्वतः करून पाहिलेलं माणूस लागतं. “24 ते 48 तास थांबा” हे मात्र कुणीही कुणाचंही वाचून लिहू शकतं. ज्या साइट जाहिरातींवर किंवा कोर्स विकण्यावर चालतात त्यांना लोक सर्चमध्ये टाकतील तो प्रत्येक प्रश्न आपल्या एखाद्या पानावर हवा असतो, म्हणून त्या हजारो पानं लिहवून घेतात, मथळ्यात नेमका तोच प्रश्न घालतात आणि पानं एकमेकांना जोडतात. स्वतःच्या समाधानासाठी लिहिणारा माणूस महिन्यातून एखादं पान लिहितो, त्याला सुचेल तो मथळा देतो आणि पुढच्या कामाला लागतो. सर्चच्या पहिल्या पानावर कोण येणार हे यातच ठरून जातं.

म्हणून माझं पहिलं आणि मुख्य सांगणं हे: विषय शोधू नका, माणूस शोधा. तुम्हाला ज्युलिया एव्हान्स सापडल्या. आता ‘डीएनएस’ पुन्हा सर्च करण्याऐवजी त्यांच्या साइटच्या मुख्य पानावर जा. त्या माँट्रियलमध्ये राहतात आणि दहा वर्षांहून अधिक काळ लिनक्स, नेटवर्किंग, गिट, टर्मिनल यांच्या पोटात काय चालतं ते लिहीत आल्या आहेत. त्यांच्या छोट्या चित्रपुस्तिकाही आहेत. 2021 मध्ये त्यांनी ‘मेस विथ डीएनएस’ नावाची एक साइट तयार केली. तिथे तुम्हाला खराखुरा सबडोमेन मिळतो, त्यावर हव्या त्या नोंदी टाकायच्या, मोडायच्या आणि कोणत्या रिझॉल्व्हरने कधी विचारलं ते समोर बघायचं. एका संध्याकाळी हे करून पाहा. टीटीएल काय असतो ते नंतर कधी विसरणार नाही.

मग त्यांच्या लेखांतल्या लिंका बघा. चांगलं लिहिणारा माणूस आपल्याला कुणाकडून काय कळलं ते सांगतो. ओळखीच्या माणसाने पुढच्या गावातल्या जाणकाराचं नाव सांगावं, तसं हे चालतं. काही साइटवर यासाठी वेगळं पानच असतं. त्याला ब्लॉगरोल म्हणतात: मी नियमित कुणाला वाचतो याची यादी. काहींचं ‘यूजेस’ नावाचं पान असतं, त्यात ते कोणता एडिटर, कोणतं मशीन, कोणती टूल वापरतात ते लिहिलेलं असतं. ‘नाऊ’ नावाच्या पानावर सध्या काय चालू आहे ते असतं. ही पद्धत डेरेक सिव्हर्स यांनी 2015 मध्ये रूढ केली. नव्या साइटवर गेलात की लेख वाचून झाल्यावर लगेच टॅब बंद करू नका. वरच्या आणि खालच्या पट्टीत यातलं काही आहे का बघा.

डॅन लू या प्रोग्रॅमरच्या साइटवर असं ब्लॉगरोलसारखं एक पान आहे. साइट अगदी उघडीबोडकी, स्टाइलशीट जवळजवळ नाहीच, ओळी स्क्रीनच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं, साइट मोडली आहे. पण ‘प्रोग्रॅमिंग ब्लॉग्ज’ हे त्यांचं पान उघडा. त्यात त्यांना आवडणाऱ्या लेखकांची नावं आहेत आणि प्रत्येकाचं काय वाचण्यासारखं आहे तेही सांगितलं आहे. या एका पानावरून तुमचे दोन-तीन महिने जातील.

सायमन विलिसन यांचंही नाव लिहून ठेवा. जँगो हे पायथन फ्रेमवर्क ज्यांनी सुरू केलं त्यांपैकी ते एक, आणि 2002 पासून ते स्वतःच्या साइटवर लिहीत आहेत. मोठे लेख असतातच, पण रोज वाचलेल्या एखाद्या गोष्टीची लिंक आणि तिच्याबद्दल चार ओळी, असंही खूप असतं. ती लिंक आपल्याला कुठून मिळाली, हे ते ‘व्हाया’ म्हणून शेवटी नोंदवतात. त्या ‘व्हाया’वर क्लिक करायची सवय लावा. नव्या माणसाचा पत्ता बहुतेक वेळा तिथेच लागतो.

पूर्वी हे काम वेबरिंग करत. एकाच आवडीच्या साइटच्या तळाशी ‘मागची’ आणि ‘पुढची’ अशी बटणं असत. 1995 मध्ये सेज वाइल या शाळकरी वयाच्या मुलाने वेबरिंग नावाची व्यवस्था तयार केली. पुढे सेफ ही मोठी स्टोरेज सिस्टिमही त्यांनीच लिहिली. ही बटणं आज पुन्हा काही साइटवर दिसू लागली आहेत. दिसली तर नक्की दाबा.

आता काही नावं सांगते. यादी देण्याचा हेतू नाही. कोणत्या प्रकारची माणसं भेटतील याची कल्पना यावी म्हणून सांगते. नावं रोमन लिपीत सर्चमध्ये टाकलीत की साइट पहिल्या दोन-तीन निकालांत येतात. माणसाचं नाव टाकलं की सर्च अजूनही चोख काम करतं.

डॅन लू यांचाच 2017 मधला एक लेख घ्या. की दाबल्यापासून अक्षर स्क्रीनवर उमटेपर्यंत किती वेळ लागतो, हे त्यांनी जुन्या-नव्या कितीतरी मशीनवर कॅमेऱ्याने मोजलं. पहिला क्रमांक आला 1983 सालच्या ॲपल टू-ई चा: 30 मिलिसेकंद. त्यानंतरच्या तीस-पस्तीस वर्षांतली बरीच मशीन 100 च्या पलीकडे. मध्ये कोणकोणते थर आले आणि प्रत्येकाने किती वेळ खाल्ला, हे ते उलगडत नेतात. हळू नेटवर आणि स्वस्त अँड्रॉइड फोनवर आजच्या साइट कशा चालतात, हेही त्यांनी असंच मोजून लिहिलं आहे. तो लेख तुमच्या कामाचा आहे, कारण तुम्ही बनवलेली साइट शिरोळ नाहीतर गारगोटीच्या माणसाच्या हातातल्या फोनवरच उघडते, तुमच्या ऑफिसातल्या मशीनवर नाही.

केन शिरिफ जुन्या चिप उघडतात, त्यांचे सूक्ष्मदर्शकातून फोटो काढतात आणि एकेका ट्रान्झिस्टरचं काम सांगतात. इंटेलच्या 8086 या जुन्या प्रोसेसरवर त्यांचे अनेक लेख आहेत. चंद्रावर जाणाऱ्या अपोलो यानातला संगणक ज्या गटाने पुन्हा चालू केला, त्यात ते होते. 2014 मध्ये त्यांनी बिटकॉइनचं मायनिंग कागद-पेन्सिलने करून पाहिलं. त्यातल्या एसएचए-256 या हॅश काढण्याच्या पद्धतीची एक फेरी हाताने करायला 16 मिनिटं 45 सेकंद लागली. एका पूर्ण हॅशला अशा 128 फेऱ्या, म्हणजे दिवसाला 0.67 हॅश. त्या कागदाचा फोटो आणि प्रत्येक पायरीचं स्पष्टीकरण साइटवर आहे. हॅशिंग म्हणजे काय, हे मला त्या पानाइतकं कुठे स्पष्ट दिसलेलं नाही. याचा तुमच्या नोकरीशी थेट संबंध नाही हे खरं. तरी वाचा. वर्षाला दोन-चार गोष्टी तरी निव्वळ कुतूहलापोटी वाचल्या पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं.

तुमच्या कामाच्या जवळचे म्हणाल तर जॉश कोमो. सीएसएस म्हणजे पानाचं रूप ठरवणारी भाषा; तिच्यावरचे त्यांचे लेख नुसते वाचायचे नसतात. पानातच स्लायडर असतात, ते ओढले की फ्लेक्सबॉक्स या मांडणीतले डबे कसे आकसतात आणि फुगतात ते समोर दिसतं. अमित पटेल यांची ‘रेड ब्लॉब गेम्स’ ही साइट गेमसाठी आहे, पण नकाशावर रस्ता शोधण्याचा ए-स्टार अल्गोरिदम किंवा षटकोनी जाळ्यांचं गणित समजून घ्यायचं असेल तर तिथेच जावं. आणि बार्तोश चेखानोव्स्की! हा माणूस वर्षाला मोजकेच लेख लिहितो. 2022 मधला त्यांचा मनगटी यांत्रिक घड्याळावरचा लेख उघडा. स्प्रिंगपासून काट्यांपर्यंत प्रत्येक चाक तुम्ही बोटाने फिरवून बघू शकता. ते सगळं ब्राउझरमध्ये वेबजीएल वापरून, स्वतः लिहिलेल्या जावास्क्रिप्टवर चालतं. पानावर राइट-क्लिक करून सोर्स उघडा आणि वाचा. साइटचा सोर्स वाचत वाचत कितीतरी लोक हे काम शिकले, आणि तो दरवाजा अजूनही उघडा आहे.

एरिक मेयर यांच्याबद्दल थोडं थांबून सांगते. सीएसएस जगाला शिकवणाऱ्या पहिल्या काही माणसांपैकी ते एक. त्यांची मुलगी रिबेका मेंदूच्या कर्करोगाने 2014 मध्ये, आपल्या सहाव्या वाढदिवशीच गेली. आजारपणाचा तो काळ त्यांनी स्वतःच्या साइटवर लिहिला होता. त्याच साइटवर, जिथे लोक सीएसएस शिकायला येत. मग जगभरच्या वेब डेव्हलपरनी सुचवलं की तिच्या आवडत्या जांभळ्या रंगाला तिचं नाव द्यावं, आणि सीएसएसची प्रमाणकं ठरवणाऱ्या गटाने ते मान्य केलं. एरिक यांनी एकच विनंती केली: नाव ‘बेका’ नको, ‘रिबेका’ असावं. कारण सहा वर्षांची झाल्यावर आपल्याला पूर्ण नावाने हाक मारावी, असं ती सांगायची, आणि ती काही तास का होईना, सहा वर्षांची झाली होती. आज सीएसएसमध्ये ‘रिबेकापर्पल’ असं रोमन लिपीत लिहिलंत की कुठल्याही ब्राउझरमध्ये 663399 या क्रमांकाचा रंग उमटतो. तुम्हाला त्या डीएनएसच्या पानावर जे जाणवलं, की इकडे कुणीतरी माणूस बोलतंय, ते हेच आहे. शिकवणारा, चुकणारा, दुःखात असणारा माणूस त्या पत्त्यावर राहतो. क्लासच्या साइटवर लेखकाचं नावसुद्धा धड नसतं.

माणसांच्या लिंका धरून जाणं हा मुख्य रस्ता. त्याला जोड म्हणून काही साधनं आहेत. मार्जिनेलिया हे स्वीडनमधल्या व्हिक्टर लोफग्रेन यांनी 2021 मध्ये सुरू केलेलं सर्च इंजिन. बरीच वर्षं ते त्यांच्या घरातल्या एका मशीनवरच चालत होतं. जास्त मजकूर आणि कमी जाहिराती-स्क्रिप्ट असलेल्या साइटना ते वर आणतं. त्यात पूर्ण प्रश्न टाकू नका, दोन-तीन नेमके शब्द टाका. त्याची मला सगळ्यात आवडलेली सोय अशी की एखाद्या साइटचा पत्ता दिला तर तिच्यासारख्या दुसऱ्या साइट आणि तिला लिंक करणाऱ्या साइट कोणत्या, ते ते दाखवतं. ज्युलिया एव्हान्स यांचा पत्ता तिथे टाकून बघा. वायबी नावाचं दुसरं एक सर्च इंजिन जुन्या पद्धतीच्या साध्या पानांसाठी आहे. त्यातल्या ‘सरप्राइज मी’ने कुठेही जाऊन पडता येतं. कागी या कंपनीचं ‘स्मॉल वेब’ पान फुकट आहे आणि दर क्लिकला कुणाच्या तरी वैयक्तिक साइटवरचा ताजा लेख उघडतं. फिल गायफर्ड यांनी 2022 मध्ये सुरू केलेली ऊह डॉट डिरेक्टरी ही विषयवार यादी आहे, तिच्यात कॉम्प्युटर आणि वेबचे वेगळे विभाग आहेत. हॅकर न्यूज या तंत्रज्ञानाच्या लिंका आणि चर्चांच्या साइटवर जात असाल तर प्रत्येक मथळ्यापुढे कंसात साइटचा पत्ता असतो, त्यावर क्लिक केलं की त्या साइटवरून आजवर तिथे आलेले सगळे लेख दिसतात. चर्चा वाचण्यात तास जातात. पत्ते गोळा करून बाहेर पडा.

गुगलच वापरायचं असेल तर एरर मेसेज जसाच्या तसा अवतरणचिन्हांत टाका. निकालांच्या वर ‘वेब’ नावाचा फिल्टर 2024 पासून मिळतो, तो लावला की नुसत्या लिंका उरतात. आणखी एक युक्ती सांगते. विषयाच्या शब्दांसोबत “टर्न्स आउट” किंवा “आय स्पेंट अ डे” अशी वाक्यं इंग्रजीत टाका. स्वतः भोगलेला माणूस असं लिहितो. कीवर्ड मोजून लिहिणारा बहुधा लिहीत नाही.

साइट सापडली की ती हरवू द्यायची नाही. बुकमार्क करून ठेवलेलं आपण परत बघत नाही. यासाठी आरएसएस आहे. साइट आपल्या नव्या लेखांची एक फाइल ठेवते, तिला फीड म्हणतात. तुमचं फीड रीडर ती अधूनमधून तपासतं आणि नवं काही आलं तर दाखवतं. कोणता लेख तुम्हाला दाखवायचा, हे कुठली कंपनी ठरवत नाही. हे तंत्र 1999 पासूनचं आहे. त्याच्या एका आवृत्तीच्या कामात चौदा वर्षांचा प्रोग्रॅमर ॲरन स्वार्ट्झ होता. गुगलने आपलं रीडर 1 जुलै 2013 ला बंद केलं तेव्हा अनेकांनी आरएसएस संपलं असं मानलं. पण पॉडकास्ट आजही त्यावरच चालतात, आणि ज्या साइटबद्दल आपण बोलतो आहोत त्यांपैकी जवळपास सगळ्यांना फीड असतं. फोनवर ‘फीडर’ हे मुक्त ॲप घ्या, लॅपटॉपवर थंडरबर्डमध्येही सोय आहे, किंवा फीडली, इनोरीडर यांचं फुकटचं खातं उघडा. बहुतेक रीडरमध्ये साइटचा नुसता पत्ता टाकला तरी फीड आपोआप सापडतं. दहा-पंधरा साइटपेक्षा जास्त घेऊ नका. रोज बातम्या देणारी एकही त्यात घालू नका, नाहीतर महिन्यातून एकदा लिहिणारा माणूस तिच्याखाली गाडला जातो.

आवडलेलं पान वेबॅक मशीन या वेबपानांच्या प्रती जपणाऱ्या साइटवर ‘सेव्ह पेज नाऊ’ने साठवायची सवयही लावून घ्या. प्यू रिसर्च सेंटरने 2024 मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार 2013 मध्ये असलेल्या वेबपानांपैकी 38 टक्के दहा वर्षांनी उघडत नव्हती. एकट्या माणसाची साइट तर होस्टिंगचं बिल चुकलं तरी जाते.

विश्वास कुणावर ठेवायचा? साइट देखणी आहे का, लेखक मोठ्या कंपनीत आहे का, यावरून ठरवू नका. पानावर तारीख आहे का बघा. कोणत्या व्हर्जनवर करून पाहिलं ते लिहिलंय का? कमांडचं खरं आउटपुट दिलंय का? काय जमलं नाही तेही सांगितलंय का? नंतर कुणी चूक दाखवली तर ‘दुरुस्ती’ म्हणून ती खाली नोंदवलेली दिसते का? शेवटची खूण मी सगळ्यात वर ठेवते.

जुनं म्हणून टाकून द्यायचं का, हे विषयावर ठरतं. पान रकान्यांत मांडण्याची सीएसएस ग्रिड ही सोय मार्च 2017 मध्ये क्रोम, फायरफॉक्स आणि सफारीत एकाच महिन्यात आली. त्यामुळे तीन रकान्यांचा लेआउट फ्लोट या जुन्या युक्तीने कसा करायचा, हे सांगणारं 2009 चं पान आज इतिहास म्हणून वाचावं. उलट ‘बीज’ या नावाने लिहिणारे ब्रायन हॉल यांचं सॉकेट प्रोग्रॅमिंगवरचं (दोन प्रोग्रॅमनी नेटवर्कवरून कसं बोलायचं यावरचं) मार्गदर्शक 1990 च्या दशकात सुरू झालं, ते अद्ययावत होत राहिलं आणि आजही पहिल्यांदा तेच वाचावं, कारण टीसीपी या इंटरनेटच्या मूळ प्रोटोकॉलची मुळं बदललेली नाहीत. फ्रेमवर्कवरचं लेखन दोन वर्षांत शिळं होतं. प्रोटोकॉल, डेटाबेस, मेमरी, अल्गोरिदम यांवरचं टिकतं. तुमच्या वाचनाच्या वेळेपैकी जास्त वेळ टिकणाऱ्या गोष्टींना द्या. आणि काहीही असलं तरी वाचलेली गोष्ट स्वतः चालवून बघेपर्यंत ती तुम्हाला कळली असं धरू नका.

इंग्रजीची काळजी करू नका, खरंच. ही माणसं बोलल्यासारखं लिहितात, वाक्यं छोटी असतात. आधी कोड, आउटपुट आणि चित्रं बघा, मग मधला मजकूर वाचा. अख्खं पान यंत्राकडून मराठीत करून घेऊ नका. त्यात कमांडची नावंही भाषांतरित होऊन बसतात. अडलेला एखादा परिच्छेद तेवढा करून घ्या. सावकाश वाचणाऱ्याचा इथे एक फायदाही असतो: तो ओळी गाळत नाही.

सर्टिफिकेटबद्दल तुमचे टीम लीड म्हणतात त्यात तथ्य आहे. नोकरी बदलायची असेल, क्लायंट मागत असेल, तर जरूर करा. अर्ज चाळणारा माणूस कागद बघतो. पण साइट हलवताना जी अडचण आली ती तुम्हाला उमगली ती त्या पानामुळे. दोन्हींसाठी वेगळा वेळ ठेवा: कामाच्या दिवसांत सर्टिफिकेटचा अभ्यास, शनिवारी सकाळी दोन तास एकच लेख, आणि तोही लॅपटॉप उघडून, हाताने करत. फीडमधलं उरलेलं सगळं न वाचता पुढे सरकलं तरी चालेल.

ही सगळी माणसं परदेशातली आहेत असं वाटू देऊ नका. झिरोधाचं तंत्रज्ञान सांभाळणारे कैलाश नाध यांची स्वतःची साइट आहे. लिस्टमंक हे वृत्तपत्रिका पाठवण्याचं मुक्त सॉफ्टवेअर त्यांनी लिहिलं, ‘ओळम’ हा मलयाळम शब्दकोशही त्यांनीच उभा केला. आनंद चितिपोतु यांनी ॲरन स्वार्ट्झसोबत वेब डॉट पाय या फ्रेमवर्कवर काम केलं. फॉस युनायटेड या संस्थेच्या बैठका पुण्या-मुंबईतही होतात. तिथे बोलणाऱ्यांची यादी बघून एकेकाचं नाव सर्चमध्ये टाका. आपल्याकडची माणसं शोधायला याहून सोपी वाट मला माहीत नाही.

एखाद्या पानाचा उपयोग झाला तर लेखकाला ईमेल करा. “तुमचं लेखन छान आहे” एवढ्यावर थांबू नका. काय अडलं होतं आणि त्यांच्या कोणत्या परिच्छेदाने ते सुटलं ते चार ओळींत लिहा. अशी पत्रं त्यांना फार कमी येतात. बरेच जण उत्तर देतात, आणि उत्तरात आणखी एखाद्या साइटचं नाव असतं.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक सुचवते. तुमचं स्वतःचं पान सुरू करा. गिटहब पेजेस किंवा निओसिटीज यांवर पैसे लागत नाहीत, आणि साधं एचटीएमएल तुम्हाला येतंच. पहिला लेख डीएनएसचा नको, तो लिहून झालेला आहे. आपल्याकडचा एक प्रश्न घ्या. ‘तऱ्हा’ हा शब्द दोन प्रकारे टाइप होतो. एकात ऱ हे वेगळं अक्षर असतं, युनिकोड या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीत 0931, त्यानंतर हलन्त. दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा झीरो विड्थ जॉइनर: तर्‍हा. स्क्रीनवर दोन्ही सारखेच दिसतात, साध्या तुलनेत मात्र जुळत नाहीत, आणि युनिकोडचं नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणं) लावलं तरी जुळत नाहीत. ‘ॲप’चंही तसंच: एक ॲ हे 0972 हे अक्षर, दुसरा अ, जॉइनर आणि चंद्र मिळून झालेला अ‍ॅ. फोनचे वेगवेगळे कीबोर्ड वेगवेगळे कोड पाठवू शकतात. म्हणजे एखाद्या मराठी दुकानाच्या साइटवर ‘ॲल्युमिनियम’ शोधणाऱ्या गिऱ्हाईकाला माल असूनही ‘काही सापडलं नाही’ असं उत्तर मिळू शकतं.

तुमच्या क्लायंटांपैकी कुणाची मराठी साइट असेल तर तिच्या सर्चमध्ये हे दोन्ही प्रकार टाकून बघा. कोणत्या डेटाबेसवर, कोणत्या कोलेशनला (डेटाबेसच्या शब्द जुळवण्याच्या नियमाला) काय निकाल आला, शोधण्याआधी शब्द एकसारखा करून घेण्यासाठी तुम्ही काय लिहिलंत आणि त्यातून कोणता शब्द तरीही सुटला, हे तारीख घालून मराठीत लिहा. हाच प्रश्न पडलेल्या पुढच्या माणसाला एरर मेसेजही मिळत नाही, त्यामुळे त्याला तुमच्या पानाची फारच गरज पडणार आहे.